एक बुद्धी, बावीस टॅब

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४१



आज श्लोक इथे लिहून देत नाही. घरात पोथी असेल तर ती काढा, नसेल तर फोनवर उघडा. पण एवढा एक श्लोक वाचून होईपर्यंत दुसरं काही उघडू नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजचा श्लोक त्याबद्दलच आहे.

वाचलात? या श्लोकात 'व्यवसाय' हा शब्द आलाय. आपल्या मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, पेशा, पोट भरायचं साधन. गीतेत त्याचा अर्थ आहे निश्चय. भगवंत अर्जुनाला सांगतात की या मार्गावर निश्चय झालेली बुद्धी एकच असते. ज्याचा निश्चय झालेला नाही, त्याच्या बुद्धीला फांद्याच फांद्या फुटत जातात आणि त्यांना शेवट नसतो. त्यासाठी श्लोकात 'बहुशाखा' असा शब्द आहे.

मी हा श्लोक इंजिनीअरिंगला असल्यापासून वाचतोय. दर वेळी मला वाटायचं की हा इतरांसाठी आहे, ज्यांना आयुष्यात काय करायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी. माझं तर सगळं ठरलेलं होतं. नोकरी, पगार, सकाळी वाचन, संध्याकाळी हरिपाठ. गेल्या आठवड्यात भंडाऱ्याला घरी आलो होतो, तिथूनच काम करत होतो. पहाटे हा श्लोक पुन्हा समोर आला आणि सहज लॅपटॉपकडे लक्ष गेलं. बावीस टॅब उघडे होते. दोन चॅट, एक मीटिंग दहा मिनिटांत सुरू होणार, आणि एका कोपऱ्यात हरिपाठाचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबवलेला. बहुशाखा म्हणजे काय, ते त्या दिवशी मला स्क्रीनवर दिसलं.

आज जे लिहितोय ती थोडी कबुलीच आहे.

मी एका टीमचा लीड आहे. टीममध्ये एक मुलगी होती, कामाला चांगली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मला दादा म्हणायची. तिच्याकडे नव्या फीचरचं काम होतं. त्याच आठवड्यात मी तिला सपोर्टची पाळी दिली, आणि दुसऱ्या क्लायंटच्या डेमोची तयारीही दिली, कारण "तुला येतं ना ते". तिने मला चॅटवर लिहिलं, "दादा, तीन गोष्टी एकदम होत नाहीयेत." मी त्या वेळी स्वतः एका कॉलवर होतो. कॉल ऐकत ऐकत, ऐकतोय असं दाखवत, मी तिला उत्तर दिलं. काय दिलं? दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक, कोणता ते तुम्हाला माहीतच आहे. खाली जोडलेल्या हातांचा इमोजी.

तिने त्यावर अंगठा दाखवला. पुढे काही लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात रात्री एकच्या सुमारास सपोर्टचा फोन आला आणि तिच्याकडून चुकीची सेटिंग लाइव्ह गेली. टेस्टची फाइल आणि खरी फाइल दोन टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडी होती. सकाळपर्यंत काही ग्राहकांचं काम अडलं. नुकसान भरून निघण्यासारखं होतं, भरूनही निघालं. नंतर अशा वेळी जो अहवाल लिहितात तो लिहिला गेला. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: मानवी चूक. तो अहवाल मी वाचला आणि मंजूर केला. मानव कोण ते सगळ्यांना माहीत होतं. त्या मानवाला तीन कामं कोणी दिली होती, हे त्यात कुठेच नव्हतं.

दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली.

आता थोडं आपल्या धंद्यातलं बोलतो. 'मल्टीटास्किंग' हा शब्द माणसांसाठी बनलाच नव्हता. १९६० च्या दशकात तो संगणकासाठी वापरात आला. आणि गंमत म्हणजे एक प्रोसेसर कोअर तरी एका क्षणी दोन कामं कुठे करतो? तो एक काम थोडं करतो, त्याची सगळी स्थिती कुठेतरी मांडून ठेवतो, दुसऱ्याची स्थिती उचलतो, ते थोडं करतो, परत पहिल्याकडे येतो. हे इतक्या वेगात होतं की आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं. या अदलाबदलीला आपण कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतो. तो फुकट होत नाही. प्रत्येक स्विचला वेळ लागतो, आणि त्या वेळात खरं काम शून्य. मेमरी कमी असताना प्रोग्रॅम फार झाले तर अशी अवस्था येते की मशीन फक्त मेमरीतली पानं आत-बाहेर करत बसतं. पंखा जोरात फिरतो, दिवा लुकलुकत राहतो, काम काहीच पुढे सरकत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला आपण यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं, आणि नोकरीला लागल्यावर आपण स्वतःच ते उत्तर होऊन बसतो.

मशीन निदान स्थिती नीट मांडून ठेवतं. माणसाला तेही जमत नाही. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये यावर लिहिलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर पहिल्याचा काही भाग मनात रेंगाळतच राहतो, आणि दुसरं काम उरलेल्या मनाने होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक अभ्यास आला. जे लोक एकाच वेळी अनेक माध्यमं वापरण्यात मुरलेले होते, ते नको ती माहिती बाजूला सारण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यात इतरांपेक्षा कमी पडले. म्हणजे ज्याचा सराव आहे असं वाटतं, तेच कमी जमत होतं.

पण मंडळी, इथे थांबलो तर हा उत्पादकतेवरचा लेख होईल. "एका वेळी एक काम करा, जास्त काम होईल." हे सांगायला गीता कशाला हवी? माझा प्रश्न वेगळा आहे. हे बहुशाखा होणं नुसतं नुकसानीचं आहे, की त्यात कुठे अधर्मही आहे? आणि असेल तर तो कोणाचा? करणाऱ्याचा, की करवून घेणाऱ्याचा?

हा प्रश्न घेऊन मी आईजवळ बसलो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, भंडारा जिल्ह्यातल्याच गावांमध्ये सगळी नोकरी झाली. बरीच वर्षं दोन शिक्षकी शाळेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिक्षक दोनच. दुसऱ्या गुरुजींना तालुक्याला मीटिंगला बोलावलं की चारही वर्ग एकटीच्या अंगावर. मला वाटलं, खरं मल्टीटास्किंग तर हिनेच केलंय. विचारलं, "आई, चार वर्ग एकदम कसे सांभाळायचीस?"

ती म्हणाली, "ते कठीण नव्हतं बाबू. पहिलीचं लेकरू पाटीवर गिरवते, चौथीचं त्याच्याजवळ बसून दाखवते, तोवर मी तिसरीला गणित देते. चारही लेकरंच ना! कठीण कधी झालं माहीत आहे? मी फळ्यावर उभी असायची आणि फोन यायचा, ताई, अमुक माहिती दहा मिनिटांत पाठवा. मग खिचडीचा तांदूळ मोजा. मग मतदार यादी. मग ऑनलाइन भरा, आणि रेंज नाही. लेकरू समोर वाचून राहिलं आणि मी नुसती हूं हूं करून राहिली. एके दिवशी ते पोरगं म्हणालं, बाई, तुम्ही ऐकून नाही राहिल्या."

हे सांगताना आई थोडा वेळ गप्प झाली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी तिला ते पोरगं आठवतं.

हा काही एकट्या आईचा अनुभव नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. तरीही कामं वाढत गेली. शेवटी २०२३ मध्ये महाराष्ट्रात शिक्षक रस्त्यावर उतरले, आणि त्यांची घोषणा काय होती? 'आम्हाला शिकवू द्या.' विचार करा, पगार वाढवा नाही, सुट्टी द्या नाही. आमचं जे काम आहे ते आम्हाला करू द्या! पुढे २०२४ मध्ये शासनाला शिक्षकांची कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक, याची वर्गवारी काढावी लागली.

मला आजचा श्लोक आईच्या बोलण्यातून उलगडला. चार वर्ग म्हणजे चार कामं होती, पण निश्चय एक होता: ही लेकरं शिकली पाहिजेत. हात चार ठिकाणी असले तरी बुद्धी एकच. फोन आला तेव्हा काम एकच वाढलं, पण निश्चय फुटला. समोरच्या लेकरासाठी उभं राहायचं की वरच्या साहेबासाठी? भगवंत कामांची संख्या मोजत नाहीत, निश्चयांची मोजतात.

भंडारा-मोहाडीकडे कोशाचे माग आहेत. करवतकाठी साडी तुम्ही पाहिली असेल, काठाला करवतीचे दाते असतात. ती विणताना तीन धोटे लागतात, एक या काठाचा, एक अंगाचा, एक त्या काठाचा. लहानपणी बघताना वाटायचं, हा माणूस तीन कामं करतोय. तसं नसतं. धोटे तीन, पण फेकायचा एका वेळी एकच, क्रमाने, आणि तिघांतून होतं एकच कापड. त्याच विणकराला मध्येच कोणी दुसऱ्या मागावर बोलावलं, "दोन धागे इथेही टाक ना" म्हणून, तर काठ तिथेच चुकेल.

आता तुमच्यातले जे नियमाने वाचतात ते म्हणतील, दादा, थांबा. आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात भगवंत स्वतःच दोन कामं एकदम सांगतात. सर्व काळ माझं स्मरणही ठेव आणि युद्धही कर. मग हे मल्टीटास्किंग नाही तर काय? आणि आपली जनाबाई! जात्यावर दळण चालू, मुखात नाम चालू.

मी याच आधारावर कित्येक महिने मीटिंगमध्ये एका कानात हरिपाठ लावून बसायचो. वाटायचं, काय सुंदर जमलंय. खरं सांगू? ना धड मीटिंग ऐकली, ना धड हरिपाठ. संध्याकाळी विचारलं असतं की कोणता अभंग झाला, तर सांगता आलं नसतं. हरिपाठ हा माझा तेविसावा टॅब झाला होता.

स्मरण हे दुसरं काम नाही, असं मला आता वाटतं. सातव्या अध्यायात भगवंत दोऱ्यात ओवलेल्या मण्यांची उपमा देतात. दोरा हा आणखी एक मणी नसतो. मागावर बघा, उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात, मग धोटा आडवा धागा घेऊन फिरतो. स्मरण म्हणजे तो उभा ताणा. तो लक्ष मागत नाही, लक्षाला आधार देतो. जनाबाईचं नाम असं होतं. ज्याच्यासाठी दळायचं त्याचंच नाव घेत ती दळत होती, म्हणून निश्चय एकच होता. माझ्या कानातला हरिपाठ मात्र मीटिंग कंटाळवाणी वाटते म्हणून लावलेला होता.

आणि संतांच्या चरित्रात याची दुसरी बाजूही आहे. गोरोबाकाकांची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. माती तुडवता तुडवता ते विठ्ठलात इतके बुडाले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं ते कळलं नाही. कीर्तनात ही कथा तल्लीनता किती थोर होती ते सांगायला येते. पुढे देवाने मूल परत दिलं, म्हणून आपले डोळे पाणावतात आणि आपण टाळी वाजवतो. मी गोरोबाकाकांच्या पायाच्या धुळीचाही नाही, त्यांच्याबद्दल काही बोलायचा मला अधिकार नाही. पण मला माझ्याबद्दल तर विचारता येतं ना? माझ्या पायाखाली कोण आलं? मी तर विठ्ठलातही बुडालेलो नव्हतो. मी एका कॉलमध्ये अर्धा, एका चॅटमध्ये अर्धा होतो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली की जमत नाहीये, आणि मी तिच्यावर श्लोक ठेवून पुढे गेलो. मूल परत द्यायला पांडुरंग येईल, असं मानण्याइतकी माझी भक्ती नाही.

म्हणून आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो. दोष कोणाचा?

एकाग्रतेवर बोलायचं झालं की आपण अर्जुनाची गोष्ट सांगतो. झाडावरचा पक्षी, आणि अर्जुनाला फक्त त्याचा डोळा दिसला. ही गोष्ट कायम शिष्याला सांगितली जाते. तू अर्जुन हो. पण द्रोणाचार्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी झाडावर पक्षी एकच ठेवला. एकेका शिष्याला पुढे बोलावलं, बाकीच्यांना थांबवलं. नेम धरलेल्या अर्जुनाला मागून कोणी विचारत नव्हतं, "तो कालचा बाण कुठवर पोचला, जरा अपडेट दे." एकाग्रता शिष्याने दाखवली खरी, पण ती शक्य होईल अशी मांडणी गुरूने आधी केली होती. आपण ऑफिसात बारा पक्षी बसवतो आणि मग ध्यानाचं शिबिर ठेवतो.

गीता याबद्दल गप्प नाही. सतराव्या-अठराव्या अध्यायांपर्यंत वाचन सहसा आटोपतं घेतलं जातं, म्हणून हे राहून जातं. अठराव्यातला पंचविसावा श्लोक आज जरूर वाचा. परिणाम काय होईल, नुकसान किती, इजा कोणाला होईल आणि सामर्थ्य किती आहे, हे न बघता मोहाने सुरू केलेल्या कर्माला भगवंत तामस म्हणतात. सामर्थ्य न बघता! आपण ज्याला कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतो ते गीतेत आहे, आणि ते सोयीचं म्हणून सांगितलेलं नाही. ते सात्त्विक आणि तामस यांच्यातली रेघ म्हणून सांगितलंय. त्याच्याच आदल्या श्लोकात अतिशय ओढाताण करून केलेलं कर्म राजस म्हटलंय. आपण ज्याला 'हसल' म्हणून मिरवतो, ते. आणि सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात योग कोणाला दुःखातून सोडवतो ते सांगितलंय: ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जागरण बेताचं आहे त्याला. म्हणजे कामालाही बेत आहे, झोपेच्या शेजारीच तो सांगितलाय.

आजूबाजूला मात्र काय चाललंय? २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असा सल्ला आला, २०२५ च्या सुरुवातीला आकडा ९० वर गेला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०२४ मध्ये पुण्यात, नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र त्या सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. मीही ते पत्र फॉरवर्ड केलं होतं, "फार वाईट झालं" लिहून. आणि दुसऱ्याच मिनिटाला टीमच्या ग्रुपवर रात्रीच्या रिलीजसाठी कोण थांबतंय, ते विचारलं होतं. दोन टॅब, शेजारी शेजारी.

मग माझं उत्तर असं. बहुशाखा होणं ही करणाऱ्याची दुर्बलता असू शकते, तिच्यावर त्याने साधना करावी. पण दुसऱ्याची बुद्धी जाणूनबुजून बहुशाखा करणं हा अधर्म आहे. आणि वर त्याच दुसऱ्याला निष्काम कर्माचा उपदेश करणं, हे तर गीतेचा वापर चाबकासारखा करणं झालं. सत्तेचाळिसावा श्लोक भगवंतांनी म्हटला तेव्हा ते रथावर, अर्जुनाच्या पुढ्यात, लगाम हातात धरून बसले होते. बाण लागला तर त्यांनाही लागणार होता. मी तो श्लोक एसीत बसून, दुसऱ्या कॉलवरून पाठवला होता. शब्द तेच होते, पण तो उपदेश नव्हता.

एक प्रामाणिक अडचण सांगतो. मलाही वरून तीनच कामं येतात. मी एखादं अडवलं तर माझं रेटिंग जातं, घराचा हप्ता आहे. "सिस्टीमच अशी आहे" हे वाक्य खोटं नाही. पण श्लोक पुढे वाचला तर कळतं की या फांद्या फुटतात कुठून. लगेचच्या श्लोकांमध्ये भोग आणि ऐश्वर्याच्या मागे लागलेल्यांची गोष्ट आहे. माझ्या फांद्याही फळातूनच फुटल्या होत्या. कॉलवर असताना मी तिचं बोलणं का नाही ऐकलं? कारण मला प्रत्येक ठिकाणी हजर दिसायचं होतं. निष्काम कर्माचा श्लोक मी दुसऱ्याला पाठवला, तेव्हा फळाची चिंता मलाच सगळ्यात जास्त होती.

भंडाऱ्याहून परत निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कारध्याच्या पुलाकडे गेलो. वैनगंगेला पाणी बऱ्यापैकी आलंय, अलीकडच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू होती. बाया ओळीने पऱ्हे लावत मागे मागे सरकत होत्या. तिथे उभा राहून मी त्या मुलीला फोन केला. आधी मेसेज लिहायला घेतला होता, पण मेसेज लिहिता लिहिता मी आणखी काहीतरी उघडणार, हे मला माहीत होतं. म्हणून फोन. अहवालात जे लिहिलं गेलं ते अपुरं होतं, तीन कामं मी दिली होती, तू सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, हे सगळं बोललो. माफी मागितली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, गीता मीपण वाचते. मला त्या दिवशी श्लोक नको होता. एक काम कमी हवं होतं."

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. तिने माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही. तिच्या नव्या ठिकाणाबद्दल थोडं बोलली आणि फोन ठेवला.

सोमवारी मी माझ्या मॅनेजरला लिहून कळवलं की त्या घटनेच्या अहवालात कामाच्या वाटपाचा उल्लेख राहिला होता आणि ते वाटप माझं होतं. जुना अहवाल बदलला नाही. माझं पत्र त्याला जोडलं गेलं, एवढंच. टीममध्ये एक नियम केलाय: सपोर्टची पाळी ज्याची, त्याला त्या आठवड्यात दुसरं काम नाही. दोन आठवडे झाले, नियम टिकलाय. तिसऱ्या आठवड्यात डेडलाइन आहे आणि मला आत्ताच मोह होतोय. म्हणून इथे लिहून ठेवतोय, तुम्ही साक्षी राहा.

एक शेवटची गोष्ट. कोणाचं कौतुक करायचं तर आपण मराठीत म्हणतो, "बाई अष्टावधानी आहे हो!" अवधानाची ही परंपरा खरीच मोठी आहे. श्रीमद् राजचंद्र, ज्यांना गांधीजी फार मानत, ते तरुणपणी शतावधानाचे प्रयोग करायचे. मुंबईत १८८७ मध्ये त्यांनी तो प्रयोग जाहीरपणे केला, खूप नाव झालं. आणि ऐन विशीत, आत्मसाधनेच्या आड येतं म्हणून, त्यांनी ते प्रयोग सोडून दिले. ज्याला शंभर अवधानं जमत होती त्याने एकच ठेवलं. मला आठही जमत नाहीत, मी कशाला धरून बसू? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच माउली श्रोत्यांकडे अवधान मागतात. दुसरं काहीच मागत नाहीत. देण्यासारखं आपल्याकडे खरं तर तेवढंच आहे.

आजचा संकल्प छोटा ठेवू. आज दिवसभरात जो कोणी पहिल्यांदा "जमत नाहीये" म्हणेल, मग ती टीममधली व्यक्ती असो, आई असो, रूममेट असो, त्याचं बोलणं संपेपर्यंत हातातलं सगळं खाली ठेवायचं. श्लोक सांगायचा नाही. आधी विचारायचं, "काय कमी करू?"

आणि "जमत नाहीये" असं म्हणणारे तुम्हीच असाल, तर ते म्हणायला लाजू नका. अर्जुनानेही धनुष्य खाली ठेवून आधी तेच सांगितलं होतं. गीता तिथूनच सुरू झाली.

पांडुरंगा, दिवसभर ज्याच्या समोर असेन, त्याच्या समोर पूर्ण असू दे.

कृष्णार्पणमस्तु.